गाठींचे मुरूम: मेडिकलची ट्यूब, डॉक्सी-जेल की आयसोट्रेटिनॉइन?

चेहऱ्यावर चार-दोन पुटकुळ्या असतील तर हे वाचायची गरज नाही. दाबल्यावर आत गाठ लागते, दुखते, पाठ-छातीवरही पसरलंय आणि बसल्यावर खड्डा राहतो, अशांसाठी ही तुलना आहे. खड्डे भरायचा खर्च औषधांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून स्वस्त काय ते ठरवताना उशिराची किंमतही धरा.

पहिला पर्याय बादच करा. मेडिकलवर 'पिंपलची ट्यूब' मागितली की पुष्कळदा स्टेरॉइडचं मलम हातात येतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एकही नाव दिसलं तर ट्यूब परत करा. चार दिवसांत लाली उतरते, म्हणून माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, लाल शिरा दिसू लागतात आणि मलम थांबवलं की मुरूम दुप्पट जोराने उठतात. 2018 मध्ये सरकारने 14 स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मिळतातच. लिंबू आणि टूथपेस्टने तर नुसती आग होते, मागे काळे डाग राहतात.

खरी निवड उरलेल्या दोघांत.

डॉक्सीसायक्लिन ही जंतूंवरची अँटिबायोटिक गोळी: 100 मिलिग्रॅम, रोज एक, जास्तीत जास्त तीन महिने. जोडीला रात्री अडॅपॅलिन 0.1 आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्के असलेलं जेल. नुसती गोळी घेतली तर जंतू तिला दाद देईनासे होतात. जेल गाठीवर टिकलीसारखं लावायचं नसतं. तुरीच्या दाण्याएवढं घेऊन पूर्ण चेहऱ्यावर पातळ पसरा, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीला पांढरा अभ्रा घाला. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. पुष्कळ जण त्याआधीच कंटाळून सोडतात. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. दूध आणि शाळेत मिळणारी निळी लोहाची गोळी यांच्यापासून दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून कापूस वेचायला जाताना रुंद काठाची टोपी किंवा सुती दुपट्टा हवाच.

आयसोट्रेटिनॉइन हे गाठींवरचं सर्वांत प्रभावी औषध. दिवसाला किलोमागे 0.5 ते 1 मिलिग्रॅम, आणि एकूण किलोमागे 120 ते 150 हे नेहमीचं प्रमाण. 50 किलो वजनाला किमान 6000 मिलिग्रॅम, म्हणजे 20 च्या 300 कॅप्सूल. रोज दोन घेतल्या तर पाच महिने. दुकानातल्या भावाला 300 ने गुणून मगच सुरू करा, कारण अर्ध्यावर सोडलं तर मुरूम परततात. जनऔषधी केंद्रातही विचारून पाहा. ही कॅप्सूल उपाशीपोटी नको. तूप-तेलाच्या जेवणाबरोबर नीट शोषली जाते. सुरू करण्याआधी आणि मग एक-दोन महिन्यांनी यकृत आणि चरबीची रक्ततपासणी. ओठ तडकणारच, मे महिन्यात तर फार. व्हॅसलीन खिशात ठेवा. मन उदास राहू लागलं तर घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच सांगा. वॅक्सिंग औषध संपल्यावर सहा महिन्यांपर्यंत नको.

मुलींसाठी एक अट कडक आहे: याने गर्भात गंभीर व्यंग येतं. सुरू करण्याआधी गर्भ नसल्याची तपासणी, आणि आधी एक महिना, औषध चालू असताना व नंतर एक महिना गर्भ राहता कामा नये. लग्न ठरलं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, लाजू नका. डॉक्सीसुद्धा गरोदरपणात चालत नाही. आणि ही दोन्ही औषधं एकत्र कधीच नकोत. मेंदूभोवतीचा दाब वाढून जोराची डोकेदुखी होते, नजर अंधुक होते.

खड्डे पडायला लागले असतील तर डॉक्सीवर तीन महिने घालवण्यापेक्षा थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे आयसोट्रेटिनॉइनचं विचारणं बरं. खड्डे नसतील, किंवा तपासणीसाठी वारंवार येणं शक्य नसेल, तर आधी डॉक्सी-जेल. पाळी अनियमित असेल तर हार्मोनचा तपास वेगळा लागतो.

आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. नागपूरची मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालयं, यवतमाळ-अकोल्याची शासकीय महाविद्यालयं आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथे त्वचारोग विभाग आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्याही, पिशवीत घालून न्या.