घरची वेल्डिंग मशीन: आठ महिने, एक जळलेली वायर आणि डवऱ्याची पास

जानेवारीत कापूस विकला आणि त्यातले साडेसहा हजार मोडून २०० अँपिअरची सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन घरी आणली. तेव्हापर्यंत मी रॉड पकडायचा होल्डर हातात धरलेला नव्हता. कारण साधं होतं. बंडीचा एक कोयंडा तुटला तरी तालुक्याला खेप मारायची आणि वेल्डरच्या दुकानापुढे अर्धा दिवस बसून राहायचं, याचा कंटाळा आला होता.

पहिला आठवडा नुसते रॉड लोखंडाला चिकटले. मला वाटलं मशीन खराब निघाली. गावातले लोहारकाका येऊन पाहून गेले, म्हणाले, "अबे, तू लोखंड जोडून रायला का टोचून रायला?" चूक हाताची होतीच, पण लाइनचीही होती. संध्याकाळी घराघरांत पंखे, टीव्ही आणि गिरणी सुरू झाली की आमच्याकडे मीटरवर १७५ व्होल्ट दिसतात, रात्री अकरानंतर २२५. त्यात मी जोडली होती घरातली बारीक एक्स्टेन्शन, तीही गुंडाळीसकट. तीस मीटरचं वेटोळं इतकं तापलं की आतली वायर वितळून एकमेकीला चिकटली. मग वायरमनकडून मीटरबोर्डापासून ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) बसवून घेतला. तेच रॉड दुसऱ्या दिवशी लोण्यासारखे चालले. मशीनच्या किमतीत हा खर्च आधीच धरा, दुकानदार सांगत नाही.

मशीनसोबत मिळालेला हातातला शील्ड टाकाऊ आहे. तो धरायचा की काम धरायचं? म्हणून मीही इतरांसारखा डोळे मिटून टाके (छोटे जोड) मारले, चार-पाचच. दिवसभर काही वाटलं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं, पाणी थांबेना. दुसऱ्या दिवशी ऑटो हेल्मेट मागवलं, ठिणगी पडताच त्याची काच आपोआप काळी होते. काळेपणा १० नंबरवर लावून वापरतो.

शिकायला ६०१३ नंबरचा (साध्या लोखंडाचा) अडीच मिमी रॉड आणि पाच मिमीची पट्टी घ्या, ७५-८० अँपिअरवर. पातळ स्क्वेअर पाइपला एवढ्यात हात लावू नका. गोठ्याचं फाटक मी १८ गेजच्या पाइपाचं केलं, त्याला भोकंच जास्त पडली. पुढे ५५ अँपिअरवर आणून, एक टाका इथे, एक तिथे असं करत जमलं. जीआय पाइप असेल तर जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढा आणि काम मोकळ्या हवेत करा. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप येतो.

खरी फजिती डवऱ्याच्या (पिकातलं तण काढायच्या औताच्या) पाशीची, म्हणजे त्याच्या लोखंडी पात्याची. ती ट्रकच्या कमानपट्ट्याची होती. ६०१३ ने जोडली, दिसायला छान, पण पहिल्याच तासाला जोडाच्या बाजूलाच तडकली. असं पोलाद झटकन थंड झालं की काचेसारखं ठिसूळ होतं, हे काकांनी सांगितलं. दुसऱ्यांदा आधी भट्टीवर तापवली, ७०१८ चा (तडे कमी जाणारा) रॉड चुलीजवळ वाळवून वापरला आणि जोड झाल्यावर राखेत पुरून ठेवली. डवऱ्याचे तीन फेर झाले, अजून धरून आहे.

मे महिन्यात मात्र मशीन दुपारी दमते. कागदावर दहा मिनिटांत सहा मिनिटं चालेल असं लिहिलंय, पण ते ४० अंशांच्या हवेत. आमच्याकडे ४५ च्या वर जातं. पिवळा दिवा लागून बंद पडायची, म्हणून जोडकाम सकाळी नऊच्या आतच. पावसाळ्यात उलटा त्रास: ओला रॉड फुटाण्यासारखा उडतो. आता झाकणाच्या डब्यात ठेवतो.

मशीनसोबतचा अर्थिंग क्लॅम्प (जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) दोन महिन्यांत ढिला झाला. पितळी घेतला.