अर्धशिशीचा दावा अडला: नवा कागद, नवी नजर की थेट बोर्ड?

अमेरिकी सैन्यात पाच वर्षं काढलेल्या माझ्या भाच्याला व्हीएचं, म्हणजे तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याचं, अर्धशिशीमुळे मागितलेल्या अपंगत्वाच्या भरपाईवर निकालपत्र आलं. त्यानं अपंगत्वाचा आकडा पाहिला आणि पत्र टेबलावर उलटं ठेवलं. १० टक्के. महिन्यातून दोनदा पडदे ओढून अंधारात पडून राहणाऱ्या माणसाला १० टक्के! "मामा, मी आता सरळ व्हीएच्या अपील बोर्डाकडेच जातो," म्हणाला. मी म्हटलं, आधी पत्र सुलटं कर आणि पूर्ण वाच.

राग आला की माणसाला सगळ्यात मोठ्या साहेबाकडे जावंसं वाटतं. पण १९ फेब्रुवारी २०१९ पासून व्हीएच्या निकालाविरुद्ध तीन वाटा आहेत, आणि त्या लहान-मोठ्या नाहीत, वेगवेगळ्या दुखण्यांवरच्या आहेत. म्हणून आधी एकच शोधायचं: चूक तुमच्या कागदांत आहे, की ते वाचणाऱ्यात?

अर्धशिशीचं मोजमाप व्हीएच्या यादीतल्या ८१०० या कोडखाली होतं. तिथला कळीचा शब्द 'प्रोस्ट्रेटिंग'. आपल्या भाषेत, अंथरूण धरायला लावणारा झटका. डोकं ठणकत होतं पण गोळी घेऊन काम रेटलं, असे दिवस या हिशेबात धरत नाहीत. गेल्या काही महिन्यांत असा झटका सरासरी दोन महिन्यांतून एकदा येत असेल तर १० टक्के, महिन्याला एकदा येत असेल तर ३०. झटके फार वारंवार येणारे, पूर्ण आडवं पाडणारे, लांबणारे आणि कमाईच्या मुळावर येणारे असतील तर ५०. या कोडखाली त्याच्या वर काही नाही. त्याहून विरळ झटक्यांना शून्य. १ डिसेंबर २०२४ ला लागू झालेल्या दरांनी एकट्या माणसाला १० टक्क्यांचे महिन्याला १७५.५१ डॉलर, ३० चे ५३७.४२ आणि ५० चे १,१०२.०४ डॉलर मिळत होते. शून्याला पैसे नाहीत, पण दुखणं सैन्यातल्या सेवेशी जोडलेलं आहे हे मान्य झालेलं असतं, आणि ते फुकट जात नाही.

पहिली वाट पुरवणी दाव्याची, फॉर्म २०-०९९५. इथे नवा आणि मुद्द्याशी लागू असलेला पुरावा द्यावाच लागतो. त्याच्या बदल्यात कागद गोळा करायला व्हीएनं मदत करणं बंधनकारक आहे. खात्याचं उद्दिष्ट सरासरी १२५ दिवसांचं.

डोकेदुखीच्या बाबतीत माझं माप या वाटेकडे झुकतं, आणि त्याला कारण आहे. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं, अर्धशिशी दिसत नाही. ती फक्त नोंदींत दिसते. भाच्याची डोकेदुखीच्या नोंदींची वही मी पाहिली. पानोपानी एकच: 'डोकं, खूप.' यावरून कुणी काय मोजायचं? त्यात वैद्यकीय तपासणीच्या दिवशी डोकं शांत होतं. "कसे आहात" विचारल्यावर यानं आपल्या सवयीनं "ठीक आहे" सांगून टाकलं. आईला फोनवर सांगावं तसं. मग मी त्याला तिथेच बसवून एक नोंद पुन्हा लिहायला लावली: 'मंगळवार, दुपारी २.१०. शिफ्ट अर्धी सोडली. गाडीच्या मागच्या सीटवर आडवा. दोन उलट्या. उजेड सहन होईना. सातला बायको घ्यायला आली. दुसऱ्या दिवशी रजा.' ही नोंद मोजता येते. तिच्या जोडीला ऑफिसातला रजेचा उतारा आणि बायकोचं लेखी निवेदन. तिनं लिहिलं की कुकरची शिट्टी सोसत नाही म्हणून त्या दिवशी ती चूल पेटवत नाही, मुलीला शेजारी पाठवते. डॉक्टरांच्या दोन ओळींपेक्षा हे वाक्य मला जास्त बोलकं वाटलं.

दुखणं सेवेशी जोडलेलंच नाही म्हणून दावा फेटाळला असेल, तरीही बहुधा हीच वाट. तिथे डॉक्टरांचं सकारण मत हवं, की हे सेवेमुळे झालं असण्याची शक्यता किमान निम्मी तरी आहे. डोक्याच्या मारामुळे किंवा आधीच मान्य झालेल्या दुसऱ्या दुखण्यामुळे अर्धशिशी सुरू झाली, असाही दुवा चालतो.

दुसरी वाट वरिष्ठ फेरपाहणीची, फॉर्म २०-०९९६. इथे नवा कागद एकही चालत नाही. तीच फाइल जास्त अनुभवी अधिकारी नव्यानं वाचतो. मागितलंत तर एकदा फोनवर बोलणं होतं, त्यात चूक कुठल्या पानावर आहे ते दाखवायचं. उद्दिष्ट इथेही १२५ दिवसांचं. ही वाट कुणाची? ज्याच्या फाइलमध्ये नीट वही आधीपासून होती आणि निकालात तिचा उल्लेखच नाही, त्याची. किंवा 'अर्जदार नोकरी करतो' एवढ्याच कारणावर ज्याला ५० नाकारले, त्याची. २००४ च्या पिअर्स खटल्यात न्यायालयानं स्पष्ट केलंय की ५० टक्क्यांसाठी माणूस पूर्ण बेकारच असला पाहिजे असं नाही, झटके तेवढं नुकसान करू शकतील असे असले तरी पुरे. फोनवर गाऱ्हाणं सांगत बसू नका, पान क्रमांक सांगा. फेरपाहणीवर पुन्हा फेरपाहणी मागता येत नाही.

तिसरी वाट बोर्डाची, फॉर्म १०१८२. इथे न्यायाधीश निर्णय देतात. आहे त्या कागदांवर निर्णय मागा, किंवा ९० दिवसांत नवा पुरावा द्या, किंवा सुनावणी मागा. उद्दिष्टं अनुक्रमे ३६५, ५५० आणि ७३० दिवसांची. पंचाहत्तरी गाठलेल्यांना, गंभीर आजाऱ्यांना आणि हलाखीत असलेल्यांना रांगेत पुढे घेण्याची सोय आहे. कायद्याच्या अर्थावरच वाद असेल, किंवा तुमचं बोलणं खरं मानायचं की नाही इथेच घोडं अडलं असेल, तर सुनावणीची वाट पाहण्यात अर्थ आहे. पण वहीत 'डोकं, खूप' एवढंच असेल, तर न्यायाधीश तरी काय वाचणार?

बोर्डानंही नाही म्हटलं, तर नव्या पुराव्यानिशी पुरवणी दावा करता येतो किंवा १२० दिवसांत माजी सैनिकांच्या अपील न्यायालयात जाता येतं. एक मुद्दा एका वेळी एकाच वाटेवर चालतो. अर्धशिशी पुरवणीत आणि कानातला आवाज फेरपाहणीत, असं मात्र चालतं.

मदतीचं म्हणाल तर डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन यांसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी पैसे घेत नाहीत. वकील जिंकल्यावर मिळणाऱ्या थकबाकीतून हिस्सा घेतो. २० टक्क्यांपर्यंतचा वाजवी समजतात, एक तृतीयांशाच्या वर गेला तर अवाजवी. पहिल्याच दाव्यासाठी कुणी फी मागत असेल तर त्याला दारातूनच नमस्कार करा.

वाट कुठलीही धरा, निकालपत्रावरच्या तारखेपासून वर्षाच्या आत धरा. तसं केलंत तर जिंकल्यावर पैसे सहसा जुन्या तारखेपासून धरतात. वर्ष उलटल्यावर पुरवणी दावा करता येतो, पण तारीख नवी लागते आणि मधले महिने हातचे जातात.

भाच्यानं पत्र सुलटं केलं. त्यात 'अर्जदाराच्या बाजूचे निष्कर्ष' असा एक भाग होता. अर्धशिशीचं निदान आणि तिचा सेवेशी संबंध दोन्ही तिथे मान्य केलेले. म्हणजे भांडण फक्त झटके किती येतात, याचं. त्यानं नवी वही काढली, पहिल्या पानावर पत्राची तारीख लिहिली, तिच्याखाली पुढच्या वर्षीची, आणि रजेचा उतारा मागायला ऑफिसात फोन लावला.