यकृतातली गाठ गेली, आता हेपॅटायटिस सी च्या गोळ्या लगेच की थांबून?

आरएफए (सुई घालून गाठ जाळणं), टेस (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणं) किंवा ऑपरेशन करून यकृतातल्या कॅन्सरच्या गाठीचा बंदोबस्त झाला, पण रक्तात सी चा विषाणू आहेच, अशा घरांत पुढचा प्रश्न हाच असतो. वडिलांच्या वेळी आम्हाला दोन्ही सल्ले मिळाले. एका डॉक्टरांच्या मते विषाणू जितक्या लवकर जाईल तितकं बरं. दुसरे म्हणाले, आधी स्कॅन स्वच्छ येऊ द्या.

लगेच सुरू करण्याची बाजू अजिबात लेचीपेची नाही. सिऱ्होसिसच्या (यकृतात कायमचे व्रण पडलेल्या) पेशंटला गाठीइतकाच धोका यकृत निकामी होण्याचा असतो. विषाणू गेला की यकृताची सूज उतरते, बऱ्याच जणांचं अल्ब्युमिन (यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन) सुधारतं, आणि गाठ पुन्हा आलीच तर पुढचे उपचार झेपण्याची शक्यता वाढते. या गोळ्यांनंतर गाठ लवकर उलटते की काय, अशी शंका २०१६ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी मांडली होती. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत ती टिकली नाही. त्या भीतीपोटी कुणी गोळ्याच नाकारू नयेत, हे मला मनापासून सांगायचं आहे.

थांबण्यामागेही ठोस कारण आहे. गाठ जिवंत असताना गोळ्यांनी विषाणू जाण्याचं प्रमाण घटतं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की कॅन्सरचा उपचार लागू पडल्याची खात्री होईपर्यंत ४ ते ६ महिने गोळ्या पुढे ढकलता येतात. शिवाय एएफपी, म्हणजे गाठीचा अंदाज देणारा रक्तातला घटक, विषाणूच्या सुजेनेही वाढतो. दोन्ही उपचार एकदम केले तर तो नेमका कशाने उतरला, हे कळणं कठीण.

आमचा निर्णय मात्र पित्ताच्या गोळीने केला. टेसनंतर वडिलांना मळमळ होती, पोटात जळजळ होती, आणि डिस्चार्ज कार्डावर पहिलीच ओळ होती पँटोप्राझोल, सकाळी उपाशीपोटी. सिऱ्होसिस असल्यामुळे सरकारच्या राष्ट्रीय हेपॅटायटिस कार्यक्रमातून मिळणार होती सोफोसबुविर-वेल्पाटास्विर ही विषाणूवरची जोडगोळी, आणि वेल्पाटास्विर अंगी लागायला पोटात आम्ल लागतं. पित्ताची गोळी टाळणं उत्तम. अगदीच लागली तर विषाणूची गोळी जेवणासोबत आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम त्यानंतर ४ तासांनी. जेलुसिलसारख्या औषधातही ४ तासांचं अंतर हवं. आता ज्या माणसाला दोन घास पेज जात नाही, त्याचं ‘जेवणासोबत’ कसं जमवायचं? आई कागदावर वेळा मांडायची, दुपारी वडिलांना उलटी व्हायची आणि सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून. डॅक्लाटास्विर या विषाणूवरच्या दुसऱ्या औषधाला ही अडचण नाही, पण तो पर्याय आमच्यासाठी नव्हता.

म्हणून आम्ही थांबलो. स्कॅन स्वच्छ आला, भूक परतली, पित्ताची गोळी सुटली, मग १२ आठवडे रोज एक गोळी विनासायास गेली. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत विषाणू सापडला नाही. हा एका घराचा अनुभव आहे, पण माझं मन थांबण्याकडेच झुकतं.

अर्थात जलोदर (पोटात पाणी साठणं) व्हायला लागला असेल, बिलिरुबिन (काविळीचं प्रमाण) चढत असेल, तर नुसतं वाट बघत बसणं मला पटणार नाही. तिथे हेपॅटोलॉजिस्टना (यकृताच्या तज्ज्ञांना) लवकर गाठावं. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर गोळ्या आधी की नंतर, हे त्या टीमवर सोडावं. कधीही सुरू करा, आधी हेपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, कारण सी वरच्या उपचारात दबलेला बी उसळू शकतो. आणि विषाणू गेला तरी स्कॅनची तारीख चुकवायची नाही, गाठ त्यानंतरही येऊ शकते.