कीटकरोधक जाळीखाली फ्लॉवर: मुलुंडच्या वाफ्यातला हंगामभराचा अनुभव

४० मेशची, म्हणजे इंचाला ४० भोकांची, पांढरी कीटकरोधक जाळी मी पावसाळ्याच्या अखेरीस घेतली. मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे सोसायटीने भाजीपाल्यासाठी जमिनीची एक पट्टी सोडली आहे. तिथे फ्लॉवरचे दोन वाफे केले, एकावर जाळी चढवली आणि दुसरा मुद्दाम उघडा ठेवला. आता मार्च संपत आलाय, फ्लॉवर काढून, वाटून, खाऊन झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निकाल सांगते. मुंबईत फ्लॉवर करायचा असेल तर जाळी घ्याच, फवारणीच्या भरवशावर राहू नका. फ्लॉवरचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यांसारखे फिकट ठिपके दिसतात. औषधं पचवण्यात याचा हात कुणी धरणार नाही. १९५३ सालीच जावा बेटावर तो डीडीटी या कीटकनाशकाला दाद देत नसल्याची नोंद झाली होती, आणि अळ्या मारणाऱ्या ज्या बीटी जिवाणूच्या फवाऱ्यावर सेंद्रिय बागवाले विसंबतात, त्यालाही शेतात सर्वांत आधी हाच पुरून उरला. उबदार हवेत याची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. आपल्याकडे कडाक्याची थंडी पडतच नाही, त्यामुळे हंगामभर एकामागून एक पिढ्या येत राहतात. मग पानावर अंडी पडूच न देणं हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

उघड्या वाफ्यात व्हायचं तेच झालं. पानांना खिडक्या पडल्या. अळी खालून हिरवा गर खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पान हलवलं की बारीक हिरव्या अळ्या धाग्याला लोंबकळायच्या. जाळीतल्या वाफ्यात हा प्रकार जवळजवळ नव्हताच. शिवाय कबुतरं. लावणीनंतरच्या पहिल्या आठवड्यांत उघड्या वाफ्यातल्या कोवळ्या शेंड्यांवर त्यांनी ताव मारला. मुंबईत जाळीचे पैसे एवढ्यासाठीसुद्धा वसूल होतात.

फ्लॉवरला जाळी शोभते याचं आणखी एक कारण आहे. आपण खातो तो गड्डा फुलं उमलण्याआधीच काढतो, म्हणून मधमाशी आत येण्याची गरज नसते. लावणीपासून काढणीपर्यंत जाळी उतरवायचं काम नाही.

आता कडा. जाळी चांगली की वाईट हे मेशवर जेवढं ठरतं, त्याहून जास्त ती जमिनीला कशी टेकवली यावर ठरतं. मी पीव्हीसी पाइपच्या कमानी केल्या, मधोमध साधारण कमरेइतक्या उंच. फ्लॉवरची पानं पसरतात आणि वरही जातात; ती जाळीला टेकली की पतंग बाहेर बसून तिथेच अंडी घालू शकतो आणि अंड्यातून निघालेली इवलीशी अळी भोकातून आत शिरते. म्हणून कमान उंच हवी आणि रोपांत दीड फूट अंतर हवं. चारही बाजूंनी जाळीचा वीतभर भाग मातीत पुरा. नुसत्या विटा ठेवून भागत नाही, दोन विटांच्या मधली फट पुरेशी असते. रोज उघडावी लागणारी एकच बाजू ठेवा आणि तिथे वाळूच्या लांबट पिशव्या टाका. काम सकाळी उरका. हे पतंग संध्याकाळी, अंधार पडताना उडतात, त्या वेळी जाळी उचलू नये.

पुरलेल्या कडेच्या आत जे आहे ते आतच राहतं, हेही लक्षात घ्या. पानं खाणारी तंबाखूवरची अळी मातीत कोष करते. आधी त्याच मातीत कोबी, मुळा किंवा मोहरी असेल तर कोषातून निघणारा पतंग थेट तुमच्या जाळीत जन्माला येईल. मी गवार काढलेला वाफा निवडला होता आणि जुना पालापाचोळा सगळा उचलला होता.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, यांच्या बाबतीत मात्र जाळी कमी पडते. मावा रोपांबरोबर आत येतो, आणि एकदा आला की त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच अडकतात. डिसेंबरात कोवळ्या पानांच्या पोटाशी मावा दाटला तेव्हा मी ऊन चढल्यावर काही तास जाळी वर करून ठेवायचे, पाण्याच्या जोरदार धारेने पानं खालून धुवायचे आणि निंबोळी अर्क मारायचे. आटोक्यात आला, पण त्यात बरीच मेहनत गेली. रोपं आत लावण्याआधी प्रत्येक पान उलटून बघणं हे यावरचं सर्वांत स्वस्त औषध.

मेश निवडताना दुकानदार ५० मेशचा आग्रह धरतात. पांढऱ्या माशीसाठी ती ठीक, पण आपल्या दमट हवेत फ्लॉवरवर मी ती घालणार नाही. ४० मेशमध्येच ऑक्टोबरच्या उन्हात आत हात घातला की उबारा जाणवतो. हवा कोंडली आणि पानं ओली राहिली की घाण्या रोग येतो. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा डाग सरकत जातो. पाणी सकाळीच, तेही बुडाशी द्या. हिरवी शेडनेट घेऊन त्यालाच कीटकरोधक म्हणणारे भेटतील. तिची भोकं मोठी असतात आणि वर उजेडही अडतो. उजेडावरून आठवलं: आमच्याकडे आजूबाजूला इतकी बांधकामं चालू आहेत की जाळीवर धुळीचा थर बसतो. दर पंधरवड्याला साध्या पाण्याने ती धुतलीत तर रोपं लांबुडकी होत नाहीत.

जाळी थंडी आणत नाही, हे नव्याने करणाऱ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. स्नोबॉल गटातल्या वाणांना गड्डा धरायला १० ते १६ अंश लागतात, ते मुंबईत विसरा. लवकर येणारे वाण २० ते २७ अंशांत गड्डा धरतात. पुसा मेघना, पुसा दीपाली असे. सप्टेंबरात बी टाकून ऑक्टोबर उतरताना रोपं लावली की गड्डा नेमका डिसेंबर-जानेवारीच्या सुखद दिवसांत येतो. त्याहून उशीर झाला तर फेब्रुवारीच्या उकाड्यात गड्डा तांदूळ सांडल्यासारखा रवाळ होतो. लावणीपूर्वी चौरस मीटरला एक-दीड ग्रॅम बोरॅक्स मातीत मिसळलं, त्यामुळे दांडा पोकळ पडला नाही. गड्डा लिंबाएवढा झाला की त्याच्याच पानांनी झाकून सुतळीने सैल बांधा, जाळीतून आलेल्या उन्हानेही तो पिवळा पडतो.

माकडांपुढे जाळीचा काही इलाज नाही. नॅशनल पार्कच्या बाजूने टोळी आली की जाळी फाटते. सुई-दोऱ्याने शिवता येते एवढंच. घुशीही पुरलेली कड कुरतडतात. खर्चाचं म्हणाल तर जाळीपेक्षा सांगाडाच महाग पडला.

गड्डे बाजारातल्यापेक्षा लहान आले, अर्ध्या किलोच्या आसपास, पण घट्ट आणि पांढरेशुभ्र. पहिला गड्डा तळमजल्यावरच्या काकूंना दिला. त्यांनी सवयीने तुरे मीठ-हळदीच्या गरम पाण्यात टाकले आणि थोड्या वेळाने खिडकीतून हाक मारली, "अगं, एकसुद्धा अळी वर आली नाही!" औषधाचा थेंबही न मारता, फक्त निंबोळीवर, इतका स्वच्छ फ्लॉवर मला मुंबईत घरी मिळाला याचा आनंद फार मोठा आहे.

सध्या तीच जाळी पालक आणि मुळ्यावर आहे. काकडी, दोडका, भोपळ्यावर घालायची असेल तर फुलं येताच काढावी लागेल, नाहीतर फळ धरणार नाही. घेताना वाफ्याची रुंदी मोजून भागत नाही: कमानीवरून दोरी टाकून दोन्ही बाजूंच्या जमिनीपर्यंत मापा आणि पुरण्यासाठी दोन्हीकडे वीत-वीत वाढवा.