"मनी पावती कोठे शे?" – लिबरऑफिस कॅल्कचे दोन हंगाम

धरणगाव तालुक्यातल्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यावर, मी वजनकाट्याचा हिशेब पाहतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की ट्रॅक्टर-टेम्पोची रांग पार रस्त्यापर्यंत जाते आणि खिडकीतून दिवसभर एकच प्रश्न येतो, "भाऊ, मनी पावती कोठे शे?" म्हणजे माझी पावती कुठे आहे. त्याचं उत्तर किती लवकर देता येतं, याच कसोटीवर मी कॅल्क हा लिबरऑफिसमधला स्प्रेडशीटचा प्रोग्राम दोन हंगाम वापरून पाहिला.

आधी आमच्याकडे विकत घेतलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर होतं. पावती नंबर टाकला की रक्कम दिसायची, पण नोंद कुठे बसली आहे ते कळायचं नाही. वजनाबद्दल तक्रार आली की मला मागच्या-पुढच्या गाड्यांच्या नोंदी बघाव्या लागतात, कारण घाईत वजनांची अदलाबदल होते. म्हणजे मला रक्कम नको, जागा हवी असते. कोणती शीट, कोणती ओळ.

कॅल्क फुकट मिळतं. कंट्रोल-एफने खाली शोधपट्टी येते, पण खरं काम कंट्रोल-एचच्या खिडकीत आहे. तिथे सगळ्या शीट आणि संपूर्ण सेल (सेल म्हणजे तक्त्यातला एक चौकोन) या दोन्हींवर खूण करा, नाहीतर ४५१ शोधताना ४५१२ आणि १४५१ पण येऊन बसतात. मग 'सगळे शोधा' म्हटलं की शीट, सेल आणि मजकूर अशी यादी समोर येते. ओळीवर क्लिक केलं की थेट त्या जागी. नावाने मात्र शोधू नका. आमच्या भागात एका गावात पाटीलच किती!

रोजच्या कामाला मी सूत्र बसवलं आहे. माझ्या पावत्या बी रकान्यात पाचव्या ओळीपासून आहेत. मॅच हे फंक्शन नंबर त्या यादीत कितवा आहे ते सांगतं. ३१२ आलं तर वरच्या चार ओळी मिळवून खरी ओळ ३१६. अॅड्रेस फंक्शनला ती ओळ आणि रकाना दिला की सेलचा पत्ता तयार. पण वर एखादी ओळ घातली की ते हाताने मिळवलेले चार चुकतात. म्हणून आता मी मॅच इंडेक्समध्ये आणि इंडेक्स 'सेल' नावाच्या फंक्शनमध्ये घालतो; इंडेक्स ती जागा पकडतं आणि 'सेल' तिचा पत्ता सांगतं. यादी खाली सरकली तरी पत्ता बरोबर येतो.

मॅचच्या शेवटी शून्य लिहायला विसरू नका, हे मी हात जोडून सांगतो. ते सोडलं तर यादी चढत्या क्रमाने आहे असं धरलं जातं. आमच्याकडे दोन काट्यांची दोन पावतीपुस्तकं, क्रम कुठून असणार? चुकीची ओळ येते आणि चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही. पहिल्या हंगामात माझ्या हातून असंच एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या बिलावर चढणार होतं. त्या माणसाने कागदावर आपलं वजन लिहून आणलं होतं म्हणून वाचलो.

दुसरी अडचण काट्याच्या संगणकावरून आलेल्या आकड्यांची. ते कधी कधी मजकूर म्हणून येतात, मग डोळ्यांना दिसणारा नंबर मॅचला सापडत नाही. कंट्रोल-एफ८ दाबा. खरे आकडे निळे होतात, मजकूर काळाच राहतो. तो रकाना निवडून डेटा मेनूतलं 'टेक्स्ट टू कॉलम्स' चालवलं की काळे आकडे निळे होतात.

मॅच फक्त पहिली जागा दाखवतं. एकाच शेतकऱ्याच्या पाच खेपा असतील तर त्याच्या खाते नंबरावर कंट्रोल-एचची यादीच काढावी लागते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. काट्यावर बसणाऱ्या कोणालाही मी हे बिनधास्त सुचवेन, आणि आमच्या जिनिंगवर कोणाला शिकायचं असेल तर संध्याकाळी काटा बंद झाल्यावर मी बसतो, या.