विद्यापीठाची सल्लासेवा : चाचणी चार दिवसांत, करार सात आठवड्यांत

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आहे. पंपाच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, मशिनिंगनंतर बारीक छिद्रे उघडी पडू लागली, तेव्हा आम्ही एका विद्यापीठाच्या सल्लासेवेचा पहिल्यांदाच आधार घेतला.

तांत्रिक कामाला पूर्ण गुण द्यावे लागतील. धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी कास्टिंग नेमके छिद्रावर कापून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. आतली बाजू गुळगुळीत होती आणि तिच्यावर ग्राफाइटचा पातळ थर होता. ही हायड्रोजनची खूण आहे, असे सांगून त्यांनी भंगारात अ‍ॅल्युमिनियम येते का, हे विचारले. येत होते, इंजिनांच्या भंगारातून पिस्टनचे तुकडे भट्टीत जात होते आणि साच्याच्या वाळूतल्या ओलाव्यातून हायड्रोजन सुटून बाकीचे काम होत होते. आमचे मोल्डर, म्हणजे साचे करणारे कारागीर, महिनाभर वाळूलाच दोष देत होते, तेही अर्धे खरेच निघाले.

तक्रार आहे ती कराराची. चार दिवसांच्या चाचणीसाठी अकरा पानांचा मसुदा सात आठवडे फिरला, आणि त्यात निष्कर्षांवरील सर्व बौद्धिक हक्क विद्यापीठाचे राहतील असे कलम होते. छिद्रांवर कसला हक्क सांगायचा, हे मला अजून उमगलेले नाही. मात्र याचा सगळा दोष विद्यापीठाच्या माथी मारता येणार नाही. एनआयआरएफ या उच्च शिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत सल्लासेवेतून मिळालेली रक्कम मोजली जाते, त्यामुळे आमच्या लहानशा बिलासाठी धावपळ करण्याचे त्यांना फारसे कारण उरत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी असलेल्या केंद्राच्या २०२२ मधील ‘एमएसएमई इनोव्हेटिव्ह’ योजनेत डिझाइनच्या विद्यार्थी-प्रकल्पाला २.५ लाखांपर्यंत साहाय्य मिळते; पण ते नव्या रचनेसाठी आहे, चालू मालातला दोष शोधण्यासाठी नव्हे. विद्यापीठाला मान्यताप्राप्त संशोधनासाठी दिलेल्या रकमेवर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५(२एए)नुसारची करपात्र उत्पन्नातील वजावट एकेकाळी दुप्पट होती, ती २०२०-२१ पासून १०० टक्क्यांवर आली. अर्थात नफाच तुटपुंजा असलेल्या कारखान्याला त्या सवलतीचा आधार पूर्वीही बेताचाच होता.

दुसऱ्या खेपेस आम्ही सल्लासेवेऐवजी नमुना-चाचणीची पावती फाडली. १८ टक्के जीएसटी भरला आणि आठवड्यात अहवाल हाती आला. आता इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या फिरत्या चक्राची, रचना बदलायची आहे, तिच्यासाठी ‘इनोव्हेटिव्ह’ योजनेचा अर्ज त्याच प्राध्यापकांसोबत करत आहोत. हक्कांचे कलम या वेळी मसुदा निघण्यापूर्वीच त्यांच्यासमोर ठेवले आहे.