टीव्हीवरची रेसलिंग ॲपवर गेली: आमच्या घरातला काही महिन्यांचा अनुभव

१ एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई ही अमेरिकेतली रेसलिंग भारतात सोनीच्या चॅनलवरून उठून नेटफ्लिक्सवर गेलं. रॉ, स्मॅकडाउन, एनएक्सटी हे दर आठवड्याचे शो, रेसलमेनियासारखे मोठे इव्हेंट, सगळंच. आमच्या घरात रेसलिंग दोन बायका बघतात, मी आणि माझ्या सासूबाई, त्यामुळे हा बदल आमच्याइतका कुणी जवळून पाहिला नसेल. माझं मत आधीच सांगून टाकते. बघायला ॲप टीव्हीपेक्षा कितीतरी चांगलं आहे. पण टीव्हीवरून सगळं काढून घ्यायला नको होतं. आठवड्याचा एक तरी शो साध्या चॅनलवर राहायलाच हवा.

चांगलं आधी. रॉ अमेरिकेत सोमवारी रात्री आठला लागतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी पहाटे साडेपाच, आणि त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. मी नाशिकच्या अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की त्या वेळी एका हाताने डबा भरत असते आणि दुसऱ्या हाताने मुलाला उठवत असते. टीव्हीच्या काळात लाइव्ह कधी नशिबात नव्हतं. संध्याकाळचं रिपीट सापडलं तर सापडलं, तेही जाहिरातींच्या मधून मधून, आणि नेमकं एन्ट्रीचं म्युझिक वाजलं की कुकरची शिट्टी. आता रात्री भांडी आवरली की पहिल्यापासून लावते. थांबवता येतं, मागे नेता येतं. रेसलमेनिया ४१ मधली इयो स्काय, बियांका बेलेअर आणि रिया रिप्ली यांची तिहेरी मॅच मी अशी मागे नेऊन नेऊन पाहिली. तिघींपैकी कोण कुठून येतेय, कोणाची पाठ कोणाकडे आहे, हे पहिल्यांदा बघताना निसटतं. दुसऱ्यांदा बघताना कळतं की शेवटची उडी कितीतरी आधीपासून जुळवत आणली होती. टीव्हीने हे सुख कधी दिलं नाही.

निकाल आधीच कळण्याचा त्रास मात्र वाढला. १४ डिसेंबर २०२५ च्या सकाळी, आपल्या वेळेने, जॉन सीनाची शेवटची मॅच झाली. गुंथरच्या स्लीपर होल्डमध्ये, म्हणजे गळ्याच्या पकडीत, त्याने टॅप करून हार मानली, तो फोटो मी मॅच बघायच्या आधी फोनवर पाहिला. हे पूर्वीही व्हायचं, पण पूर्वी कॅन्टीनमध्ये बहुतेकांनी आदल्या संध्याकाळी तेच रिपीट पाहिलेलं असायचं, त्यामुळे बोलणं एकदम रंगायचं. आता कुणी पहाटे बघतं, कुणी रविवारी बघतं, कुणाकडे ॲपच नाही. तोंड उघडलं की समोरचा "सांगू नको, सांगू नको" करतो. एकत्र बोलायची मजा गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्लॅनचं सांगते, कारण लोक हेच आधी विचारतात. १४९ रुपयांचा प्लॅन फक्त मोबाइल आणि टॅबवर चालतो. टीव्हीवर लावायचं तर १९९ चा लागतो, त्यात एका वेळी एकच स्क्रीन. दोन स्क्रीन हव्या असतील तर ४९९. मी १४९ पासून सुरुवात केली आणि लवकरच १९९ वर आले, कारण सासूबाईंना फोनच्या पडद्यावर रेसलिंग दिसत नाही. आमच्या टीव्हीवर १९९ चं चित्र ठीक दिसतं, जास्त पैसे घालायची गरज मला वाटली नाही.

आणि इथूनच माझं खरं म्हणणं सुरू होतं. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत. टेन स्पोर्ट्सच्या दिवसांपासून बघतात. अंडरटेकरला त्या "काळ्या टोपीवाला" म्हणतात. २००७ मध्ये खली वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती, असं आमचे हे सांगतात. केबलच्या रिमोटवर त्यांना चॅनलचा नंबर बोटांनी पाठ होता, बटणांवरचे आकडे पुसले गेले तरी अडत नसे. दुपारी घरात कुणी नसलं, की त्या स्वतः टीव्ही लावायच्या, स्वतः बघायच्या, आणि मी कामावरून आले की सगळी हकीकत सांगायच्या. कोणी कुणाला खुर्ची मारली, पंच कसा नेमका दुसरीकडे बघत होता, सगळं साग्रसंगीत.

आता टीव्ही चालू केला की आधी ॲप शोधायचं, मग प्रोफाइल निवडायचं, मग खाली खाली जायचं. मुलाने त्यांना रिमोटचं माइकचं बटण शिकवलं. बटण दाबून त्या "रोमन रेन्स" म्हणतात, कधी बरोबर लागतं, कधी भलतंच काहीतरी समोर येतं. मग त्या टीव्ही बंद करून आमची वाट बघत बसतात. ज्या गोष्टीसाठी त्यांना कधी कुणाची गरज लागली नाही, तिच्यासाठी आता त्या सुनेला आणि नातवाला "जरा लावून दे गं", "जरा लावून दे रे" म्हणतात. ॲप कितीही सोपं केलं तरी या वयाच्या माणसाला चॅनलच्या नंबराइतकं सोपं ते होत नाही. महिन्याचे १९९ रुपये आम्ही देऊ शकतो. पण माझ्या लाइनवरच्या कितीतरी मुली गावाकडून येऊन खोली करून राहतात. त्यांच्या घरी नुसता टीव्ही आहे, वेगळं ॲप नाही. त्यांच्या धाकट्या भावांना रेसलिंग आता रील्सच्या तुकड्यांतूनच दिसते. मीही लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघूनच या नादाला लागले होते. तसं नवं पोर आता लागणार कसं?

यावर "जग ऑनलाइन चाललंय, तुम्ही मागे राहताय" असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी अमेरिकेचंच उदाहरण देते. तिथे नेटफ्लिक्सवर रॉ गेला, ६ जानेवारी २०२५ पासून. स्मॅकडाउन यूएसए नेटवर्क या चॅनलवर राहिला आणि एनएक्सटी सीडब्ल्यू या फुकट दिसणाऱ्या चॅनलवर. रॉ स्वतः १९९३ पासून टीव्हीवर वाढला. म्हणजे जिथे घरोघरी चांगलं इंटरनेट आहे, तिथेही सगळा कारभार एका ॲपवर टाकलेला नाही. मग आपल्याकडेच सगळं एकदम का उचललं? स्मॅकडाउन टीव्हीवर ठेवला असता तर बाकी सगळं ॲपवर नेण्याला माझी काही हरकत नव्हती.

इंटरनेटचं थोडक्यात. आमच्या भागात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदले आणि ब्रॉडबँडची वायर तुटली, ती जोडून मिळेपर्यंत मोबाइलच्या डेटावर भागवलं. डेटा भराभर संपतो, चित्र अडकतं. एरवी फार तक्रार नाही.

आता दुसरी बाजू, आणि या बाजूला मी पूर्णपणे ऑनलाइनच्या पक्षात आहे. माझं माहेर सिन्नर तालुक्यात. चुलते पैलवान होते. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो, हलगीचा आवाज घरापर्यंत येतो. पण आम्ही मुली कधी आखाड्यापर्यंत गेलो नाही. बायकांनी तिकडे जायचं नसतं, एवढंच माहीत होतं. चुलते घरी येऊन डाव सांगायचे, एकेरी पट कसा काढला, ढाक कशी बसली, आणि आम्ही भाकरी थापत ऐकायचो.

आता गावातली पोरं हगामा यूट्यूबवर लाइव्ह दाखवतात. भाऊ लिंक पाठवतो. मी नाशिकमध्ये, बहीण संगमनेरला, आई गावातच पण स्वयंपाकघरात, सगळ्या एकाच वेळी बघतो. कॅमेरा एकच, आखाड्याच्या एका कोपऱ्यात बांबूला बांधलेला. जोड पलीकडे गेली की पडद्यावर फक्त फेटे आणि टोप्या दिसतात, आणि खाली धडाधड कमेंट पडतात, "कॅमेरा फिरवा". निवेदक इनाम वाचतो, अमक्याकडून शंभर, तमक्याकडून पाचशे. पैलवान खडाखडी करतात, माती उडते, आणि कुणीतरी चीत झाला की आवाज इतका फाटतो की फोन लांब धरावा लागतो. तरी मी जागची हलत नाही. चुलत्यांनी सांगितलेली ढाक मी पहिल्यांदा अशी डोळ्यांनी पाहिली, चाळिशी ओलांडल्यावर. कुठल्याही टीव्ही चॅनलने आमच्या गावचा हगामा कधी दाखवला नसता.

मोठ्या कुस्त्यांनाही याचा फायदा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य फेरीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या कुस्तीत पाठ टेकली की नाही यावरून केवढा गोंधळ झाला. राक्षेने पंचांना लाथ मारली, ती चूकच. पण निकालाबद्दल ज्याला बोलायचं होतं त्याला तो क्षण थांबवून, हळू करून बघता आला. आमच्या घरात त्यावर दोन तट पडले होते. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने गदा घेतली. तिचे व्हिडिओ आईने मला फोनवर दाखवले, मी तिला नाही. ज्या आईने आम्हाला आखाड्याकडे फिरकू दिलं नाही, ती.

म्हणून जिथे टीव्ही कधी पोहोचलाच नाही तिथे स्ट्रीमिंग यावं, आणि जिथे टीव्ही घरात मुरलेला आहे तिथे त्याच्या जोडीला यावं, असं माझं म्हणणं आहे.

घ्यायचं की नाही विचाराल तर: एकटे बघत असाल तर १४९ पुरे. घरात म्हातारं माणूस असेल तर १९९ घ्या आणि ॲप टीव्हीच्या पहिल्या पानावर आणून ठेवा, बोलून शोधायची सवय सुरुवातीलाच लावा. आणि हगामा दाखवणाऱ्या पोरांना एक विनंती. दुसरा कॅमेरा समोरच्या कोपऱ्यात लावा, भाड्याचे पैसे आम्ही माहेरवाशिणी वर्गणी काढून देऊ. आणि लाइव्ह संपल्यावर व्हिडिओ काढून टाकू नका, दोन्ही पैलवानांची नावं आणि गावं लिहून तसाच ठेवा.